डब्यावरच्या आकड्यांमागचा हिवाळा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे इंजिन ऑइलविषयीची निघाली आणि चौघांच्याही शंका डब्यावर छापलेल्या त्या दुहेरी आकड्यांपाशी येऊन थांबल्या होत्या. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न (एक वाचक, देवगड): आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठी आमच्याकडे एक टेम्पो आहे. वडिलांच्या काळात मेस्त्री चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, ‘चाळीस नंबर’ घालत आणि दुसरे काही मागवत नसत. आता दुकानात गेले की २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे डबे पुढे येतात. दुकानदार म्हणतो डब्ल्यू म्हणजे वेट, तेलाचे वजन; माझा भाचा म्हणतो डब्ल्यू म्हणजे विंटर. आपल्याकडचा हिवाळा पहाटे गोधडी ओढून घेण्यापुरता. मग हिवाळ्याचे तेल आपल्या गळ्यात कोणी मारले? हा निव्वळ विक्रीचा डाव होता का?

उत्तर: आपल्या भाच्याचे बरोबर आहे. डब्ल्यू हे अक्षर ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे आहे, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. आपला मूळ प्रश्नही रास्त आहे, कारण हे तेल ज्या थंडीसाठी तयार झाले ती थंडी देवगडात कधी पडत नाही. तरीही ते आपल्याकडे आले आणि टिकले. त्यात विक्रीचा भाग किती आणि कामाचा भाग किती, हे निवडून पाहायचे तर आधी वडिलांच्या मेस्त्रींचा ‘चाळीस नंबर’ समजून घ्यावा लागेल.

हे नंबर अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, ठरवले. तेलांची अशी पहिली वर्गवारी तिने १९११ मध्ये केली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. मोजण्याची जुनी रीत अगदी साधी होती. तेल २१० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ठरावीक मापाच्या बारीक भोकातून ६० मिलिलिटर तेल गळून जायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. ५८ ते ७० सेकंद लागले तर तेल तीस नंबरचे, ७० ते ८५ सेकंद लागले तर चाळीस नंबरचे. आता सेकंदांची जागा सेंटिस्टोक या एककाने घेतली आहे आणि १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या टप्प्यात बसणारे तेल ‘चाळीस’ ठरते. म्हणजे ४० हा आकडा कोणत्याही एका गोष्टीचे माप नसून एका कप्प्याचे नाव आहे. त्यावरून कळतो तो तापलेल्या तेलाचा दाटपणा. तेच तेल थंडीत कसे वागेल याविषयी हा आकडा एक अक्षरही बोलत नाही.

थंडीत काय होते ते काकवीवरून समजेल. चुलीवरून नुकतीच उतरलेली काकवी डावातून पाण्यासारखी ओघळते. तीच मार्गशीर्षातल्या पहाटे बरणीतून निघता निघत नाही. खनिज वंगणतेलाचे तसेच आहे. इंजिन तापले की ते पातळ होते, गार झाले की दाट होते, आणि हा फरक आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा असतो. साधारण चाळीस नंबर तेल ४० अंश सेल्सिअसला असते त्याच्या सुमारे एक दशांश दाटपणाचे १०० अंशांना उरते. खाली शून्याकडे आणि शून्याखाली गेले की दाटपणा याहूनही वेगाने चढतो.

आपल्याकडे याचा त्रास जाणवत नाही. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात किनाऱ्यावर पारा १५ अंशांखाली क्वचित उतरतो आणि दापोलीच्या पठारावर फार तर १० च्या आसपास जातो. पण उत्तर अमेरिकेत मोटारी वाढल्या त्या बर्फाच्या मुलखात. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि मग गाडी सकाळी बटणासरशी सुरू झालीच पाहिजे अशी अपेक्षा तयार झाली. उणे १५-२० अंशांत मात्र बॅटरीची ताकद अर्ध्यावर येते आणि त्याच वेळी चेंबरमधले तेल घट्ट होऊन क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, धरून बसते. यावर लोकांनी नाना उपाय केले. उन्हाळ्यात तीस किंवा चाळीस आणि हिवाळ्यात दहा किंवा वीस नंबर असे ऋतूप्रमाणे तेल बदलणे हा सर्वमान्य नियम होता. कडाक्याच्या थंडीत तेलात थोडे रॉकेल मिसळावे, असा सल्ला काही मोटारींच्या छापील पुस्तिकांतच दिलेला असे. अतिथंड प्रदेशात विमान उतरले की वैमानिक इंजिनातले तेल काढून रात्रभर उबेला ठेवत आणि सकाळी पुन्हा भरत.

१९३० च्या दशकात एसएईने हिवाळी तेलांसाठी १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यू हे वेगळे कप्पे केले. त्यांचा दाटपणा शून्य अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला धरला जाई. हे तापमान आपल्या घरातही आहे: फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात साधारण एवढीच थंडी असते. हे लक्षात आल्यावर मी एक प्रयोग करून पाहिला. दोन सारख्या उभट काचेच्या बाटल्या घेतल्या, एकीत चाळीस नंबर तेल भरले आणि दुसरीत १५डब्ल्यू-४०. सायकलच्या बेअरिंगमधल्या दोन सारख्या गोळ्या पहाटेच्या गारव्यात दोन्ही बाटल्यांत एकदम सोडल्या. १५डब्ल्यू-४० मधली गोळी तळाला टेकली तेव्हा दुसरी निम्म्याहून थोडी पुढे होती. मग बाटल्या कढत पाण्यात बऱ्याच वेळ ठेवून पुन्हा तेच केले; दोन्ही गोळ्या एकाच क्षणी तळाला लागल्यासारख्या दिसल्या. शेवटी झाकणे घट्ट लावून बाटल्या रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी १५डब्ल्यू-४० मध्ये गोळी संथपणे खाली गेली. चाळीस नंबरमध्ये ती सरकते आहे की नाही हे पाहायला बाटली खिडकीशी धरून उभे राहावे लागले. अमेरिकेतल्या त्या काळच्या मोटारवाल्याची अडचण मला पुस्तकापेक्षा त्या बाटलीने अधिक नीट सांगितली.

आता कळीचा भाग. तापमानाप्रमाणे तेलाचा दाटपणा किती बदलतो, हे मोजण्यासाठी १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस या दोघांनी एक निर्देशांक मांडला. पेन्सिल्व्हेनियाच्या खनिज तेलापासून केलेले वंगण तापमानाला सर्वांत कमी दाद देई, त्याला त्यांनी १०० गुण दिले. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाचे वंगण सर्वांत जास्त बदले, त्याला शून्य. व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणून तोच निर्देशांक आजही वापरात आहे आणि आजची तेले १०० च्या पुढे सहज जातात, ती दोन कारणांनी: शुद्धीकरण सुधारले आणि तेलात बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, मिसळू लागले. १९३० च्या दशकात न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने पॉलिआयसोब्यूटिलिन ‘पॅराटोन’ या नावाने आणले. फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीतील हर्मन ब्रूसन यांनी पॉलिमेथॅक्रिलेटचे पेटंट १९३७ मध्ये मिळवले. प्लेक्सिग्लास नावाची सहजी न फुटणारी पारदर्शक काच ज्या रसायनांच्या कुळातली, त्याच कुळातले हे द्रव्य आहे. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धात, विमानांच्या हायड्रॉलिक तेलात. जमिनीवरच्या उकाड्यातून काही मिनिटांत हाडे गोठवणाऱ्या उंचीवर जाणाऱ्या विमानाला असे तेल हवेच होते.

हे पॉलिमर नेमके काय करते, याविषयी मोठा गैरसमज आहे. अशा दुहेरी आकड्यांच्या तेलाला मल्टिग्रेड म्हणतात, आणि ते म्हणजे जाड तेल थंडीत पातळ केलेले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक घडते याच्या उलट. आधी पातळ तेल घेतात, जे थंडीत मुळातच सहज वाहते. मग त्यात पॉलिमर घालून ते उष्णतेत जेवढे पातळ झाले असते तेवढे होऊ देत नाहीत. पॉलिमरचे रेणू लांब धाग्यांसारखे असतात. गार तेलात ते गुंडाळी करून पडतात आणि प्रवाहाला फारसे आडवे येत नाहीत. तेल तापले की ते उलगडतात आणि प्रवाहाला रोध करतात. फेकजाळे, ज्याला आपल्याकडे पाग म्हणतात, ते खांद्यावर गोळा करून घेतलेले असताना केवढेसे असते आणि पाण्यावर पसरले की केवढी जागा धरते, ते डोळ्यांपुढे आणावे. म्हणून १०डब्ल्यू-३० या नावाचा अर्थ असा वाचावा: थंडीच्या चाचणीत हे तेल १०डब्ल्यूच्या कप्प्यात बसते आणि १०० अंशांच्या चाचणीत तीस नंबरच्या. तापल्यावर ते गार असतानापेक्षा पातळच असते. फक्त साधे तेल जेवढे उतरते तेवढे हे उतरत नाही.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत मोटारींचा पूर आला, आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेल कंपन्यांनी ही तेले सामान्य गिऱ्हाइकापुढे आणली. नावे पाहिली तर विक्रीची दिशा कळते. एका कंपनीचे ‘मोबिलऑइल स्पेशल’, एस्सोचे ‘युनिफ्लो’, ब्रिटनमध्ये बीपीचे ‘एनर्गॉल व्हिस्को-स्टॅटिक’, शेलचे ‘एक्स-१०० मल्टिग्रेड’. साध्या तेलापेक्षा यांची किंमत जास्त होती आणि त्या जादा किमतीचे कारण गिऱ्हाइकाला पटवून द्यायचे होते. अभियंत्यांचे ‘निर्देशांक’ आणि ‘सेकंद’ पेट्रोल पंपावर सांगून उपयोग नव्हता. म्हणून जाहिरातीने एकच गोष्ट पुढे केली: बारा महिने एकच तेल. ऋतू बदलला म्हणून तेल बदलायला नको, आणि कोणता नंबर कधी घालायचा याची आठवण ठेवायला नको. तिच्या जोडीला गाडी चटकन सुरू होते, पेट्रोल वाचते, इंजिनाची झीज कमी होते आणि टॅपेटचा आवाज येत नाही, ही आश्वासने होती. पंपवाल्यालाही हे सोयीचे होते, कारण चार-पाच नंबरांचे डबे मांडून ठेवण्याऐवजी एक-दोन प्रकारांत त्याचे भागू लागले.

माझ्या मते यातला मुख्य दावा खरा होता, तिथल्या लोकांसाठी. जिथे वर्षातून दोनदा तेल बदलावे लागे तिथे ही सोय मोठी होती. पेट्रोल बचतीचा दावा खरा पण अर्धा: गार इंजिन, छोटे अंतर आणि थंड हवा असेल तेव्हा पातळ तेलाने बचत दिसते; इंजिन पुरते तापून लांब पल्ला सुरू झाला की चाळीस नंबर आणि १०डब्ल्यू-४० यांतला फरक फार उरत नाही. आणि ‘व्हिस्को-स्टॅटिक’ म्हणजे ज्याचा दाटपणा स्थिर राहतो असे तेल. हे नाव मात्र वस्तुस्थितीच्या पुढे गेलेले होते. असे तेल तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. सुरुवातीच्या मल्टिग्रेड तेलांत आणखी एक उणीव होती. उणे १८ अंशांचा दाटपणा प्रत्यक्ष मोजत नसत. उष्ण तापमानांच्या दोन मोजण्यांवरून आलेखाची रेषा खाली ओढून तो काढत. साध्या तेलाला ही रीत बऱ्यापैकी लागू पडे, पण पॉलिमर घातलेले तेल त्या रेषेवर चालत नाही. त्यामुळे डब्यावरचा डब्ल्यूचा आकडा आणि गारठलेल्या इंजिनातला अनुभव यांचा मेळ दर वेळी बसेच असे नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गार इंजिन फिरवण्याची स्थिती यंत्रात निर्माण करून प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत आली, तेव्हा त्या आकड्याला खरा आधार मिळाला.

आता आपल्याकडे. भारतात साध्या एकेरी नंबरांचा जम दीर्घ काळ राहिला. आपल्या वडिलांचे मेस्त्री त्या काळाचे. इंडियन ऑइलचा ‘सर्वो’ हा शिक्का १९७२ मध्ये आला आणि १९९० च्या दशकात वंगणतेलाचा व्यापार खुला झाल्यावर देशी-परदेशी कंपन्यांच्या डब्यांनी दुकानांच्या फळ्या भरल्या. आपल्याकडे सर्वाधिक रुळले ते २०डब्ल्यू-४०, आणि ते का रुळले हे पाहण्यासारखे आहे. २०डब्ल्यू आणि ४० यांतले अंतर थोडे असल्यामुळे त्यात पॉलिमर थोडे लागते. चांगल्या मूळ तेलाचा चाळीस नंबर आणि २०डब्ल्यू-४० हे नात्याने जवळचे आहेत. उणे १५ अंशांची आजची चाचणी पार करणारे हे तेल आपल्या हवेला पुरून उरते.

म्हणून आपल्या टेम्पोच्या बाबतीत असे: देवगडच्या पहाटे २० अंशांना चाळीस नंबर तेलानेही इंजिन सुरू होईल, यात शंका नाही. फायदा आहे तो सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांचा. तेल चेंबरमधून वर चढून रॉकरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर झडपा हलवणाऱ्या भागांपर्यंत, पोचायला जो वेळ लागतो त्यात धातूवर धातू घासतो. ४० अंशांना चाळीस नंबर साधारण १४०-१५० सेंटिस्टोक असते आणि १५डब्ल्यू-४० साधारण ११०. म्हणजे मल्टिग्रेड थोडे लवकर पोचते, आणि दिवसातून दहा वेळा थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला हे ‘थोडे’ वर्षभरात जमा होते. दुसरा आकडा मात्र कोणत्याही मोहाने बदलू नये. भरल्या पेट्यांनिशी उन्हात घाट चढताना इंजिनाला जो आधार मिळतो तो त्या ४० चा आहे. कारखान्याच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिले असेल तर तेच घालावे. टेम्पो जुन्या काळचा असेल आणि पुस्तिकेत चाळीस नंबर दिला असेल, तर २०डब्ल्यू-४० घालायला हरकत नाही.

प्रश्न (एक वाचक, हर्णै): आमच्या मच्छीमार नौकेच्या डिझेल इंजिनात पहिल्यापासून चाळीस नंबर घालतो. आता विक्रेता १५डब्ल्यू-४० घ्यायचा आग्रह धरतो. बदल करावा का? आणि बंदीच्या काळात तेल तसेच ठेवले तर चालते का?

उत्तर: मल्टिग्रेडचे जे गुण वर सांगितले ते गार-गरम असा वारंवार बदल होणाऱ्या इंजिनात सर्वाधिक दिसतात. नौकेचे इंजिन एकदा सुरू झाले की तासन् तास एकाच वेगाने चालते आणि सुरू होते तेही किनाऱ्यावरच्या उबदार हवेत. त्यामुळे इंजिन बनवणाऱ्याने चाळीस नंबर सांगितले असेल तर ते घालण्यात चूक नाही, आणि १५डब्ल्यू-४० ला त्याची मान्यता असेल तर ते घालण्यातही नाही.

आपण डब्यावर दुसरी गोष्ट पाहावी, जिच्याकडे आकड्यांच्या गडबडीत दुर्लक्ष होते. एसएईचे आकडे फक्त दाटपणा सांगतात; तेल काजळी धुऊन धरते की नाही, आम्लापासून बेअरिंगचे रक्षण करते की नाही, हे सांगणारी अक्षरे वेगळी असतात. ती अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची. डिझेलसाठी ‘सी’ने आणि पेट्रोलसाठी ‘एस’ने सुरू होणारी जोडी असते. योग्य अक्षरांचे चाळीस नंबर तेल हे चुकीच्या अक्षरांच्या मल्टिग्रेडपेक्षा आपल्या इंजिनाला कितीतरी चांगले.

बंदीच्या काळाविषयी: जूनच्या आधी, नौका ओढून शाकारण्यापूर्वीच, तेल बदलावे. पुष्कळ जण ‘आता दोन महिने इंजिन बंदच आहे, ऑगस्टात बदलू’ असे म्हणतात, आणि वापरलेल्या तेलातले आम्ल व पाणी पावसाळाभर बेअरिंगवर बसून राहते. हंगाम सुरू करताना पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखे किंवा दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे; अशा वेळी इंजिन फिरवू नये, आधी गळती शोधावी.

प्रश्न (एक वाचक, चिपळूण): मोटारीसाठी आणलेले ५डब्ल्यू-३० तेल शिल्लक आहे. ते मोटारसायकलला चालेल का? तिच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिले आहे, म्हणजे दुसरा आकडा तोच आहे. शिवाय कुंभार्ली घाटातून रोजचे जाणे-येणे आहे; हजार-दीड हजार किलोमीटरनंतर गिअर खरखरीत पडू लागतात, तेही तेलामुळे का?

उत्तर: चालणार नाही, आणि त्याचे कारण या तेलांच्या इतिहासातच सापडते. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मिनी’ ही छोटी मोटार आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी जागा वाचवण्यासाठी गिअरपेटी इंजिनाच्या खाली, चेंबरमध्येच बसवली आणि दोघांना एकच तेल दिले. त्या वेळच्या मल्टिग्रेड तेलांची यात खरी परीक्षा झाली. गिअरचे दात एकमेकांत बसताना पॉलिमरचे लांब रेणू अक्षरशः तुटतात, आणि तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही. धाग्याचे तुकडे झाले की तापलेल्या तेलाला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि चाळीसच्या कप्प्यातले तेल तीसमध्ये, कधी त्याखाली उतरते. १९६० च्या दशकात डकहॅम्स कंपनीचे हिरव्या रंगाचे ‘क्यू २०-५०’ ब्रिटनमध्ये गाजले ते याच पार्श्वभूमीवर, कारण ५० पासून सुरुवात केली की झीज होऊनही पुरेसा दाटपणा शिल्लक राहतो. कॅस्ट्रॉलचे ‘जीटीएक्स’ १९६८ मध्ये आले, तेही २०डब्ल्यू-५०.

आपल्या मोटारसायकलचीही रचना तशीच आहे: इंजिन, गिअर आणि क्लच तिघेही एकाच तेलात बुडालेले. त्यामुळे आपला अनुभव बरोबर आहे. गिअर खरखरीत पडू लागण्याचे एक मोठे कारण तेलातल्या पॉलिमरची ही मोडतोड असते. क्लचची केबल नीट ताणलेली असेल तर तेल ठरल्या अंतराच्या थोडे आधी बदलून पाहावे. रोज घाट असेल तर हा खर्च वाया जात नाही. उरलेल्या तेलाबाबत अडचण आकड्याची नाही, क्लचची आहे. मोटारीच्या ५डब्ल्यू-३० मध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये बहुधा असतात. मोटारीचा क्लच कोरडा असतो, त्याला त्यांचा स्पर्श होत नाही. मोटारसायकलचा क्लच मात्र त्या तेलातच फिरतो आणि चढावर सरकू लागतो. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही, आणि हे घाटातल्या वळणावर घडणे धोक्याचे आहे. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहून तेल घ्यावे; ती जपानी मानकाची खूण असून ओल्या क्लचला तेल योग्य आहे असे सांगते.

प्रश्न (एक वाचक, वेंगुर्ले): माझे आजोबा जहाजावर खलाशी होते. जुन्या घराच्या माळ्यावर त्यांच्या पेटीत तेलाचा एक न उघडलेला पत्र्याचा डबा सापडला. त्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ आणि ‘सर्व्हिस एमएस’ असे लिहिले आहे. तो किती जुना असेल? आतले तेल वापरता येईल का?

उत्तर: आपल्याला सापडलेला डबा या सदरातल्या सगळ्या हकिकतीचा साक्षीदार आहे. एपीआयने १९४७ मध्ये तेलांचे ‘रेग्युलर’, ‘प्रीमियम’ आणि ‘हेवी ड्यूटी’ असे तीन वर्ग केले होते. १९५२ मध्ये ते बदलून पेट्रोल इंजिनांसाठी एमएल, एमएम आणि एमएस ही अक्षरे आली. एल म्हणजे हलके काम, एम म्हणजे मध्यम आणि एस म्हणजे खडतर. १९७० च्या सुमारास ही पद्धतही गेली आणि आज चालू असलेली ‘एस’ व ‘सी’ची मालिका सुरू झाली. म्हणून एमएस आणि १०डब्ल्यू-३० ही दोन्ही एकत्र असलेला डबा १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धानंतरचा आणि बहुधा १९७० च्या सुमारापर्यंतचा ठरतो. डब्यावर ‘१ क्वार्ट’ असे लिहिलेले असेल तर तो अमेरिकी बाजारातला असावा. अमेरिकी क्वार्ट म्हणजे ०.९४६ लिटर. १०डब्ल्यू-३० हे नाव तेव्हा नवलाईचे होते आणि बर्फाच्या देशातल्या एखाद्या बंदरात तो आजोबांच्या हाती आला असणे अगदी शक्य आहे.

आतले तेल कोणत्याही इंजिनात घालू नये. इतक्या वर्षांत त्यातली द्रव्ये तळाला बसलेली असतात, आणि खडतर कामाचे म्हणून तेव्हा जे तेल विकले जाई ते आजच्या इंजिनांच्या गरजेपेक्षा फार मागे पडले आहे. डबा मात्र जपून ठेवावा. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा तळापासून गंजतो आणि तेल झिरपू लागते, म्हणून तो जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, तळ मोकळा राहील असा ठेवावा आणि शिवणीवरून महिन्यातून एकदा कोरडे फडके फिरवावे.